तिसरं 'नको'

आमच्या घरात 'नको' एकदा म्हणून भागत नसे. तीनदा म्हणावं लागे. नियम माझ्या सासूचा. "पयला नको लाजेचा, दुसरा रीतीचा, तिसरा खरा," असं ती सांगायची आणि तिसरं येईपर्यंत तिच्या हातातली पळी थांबायची नाही. बरं, तिन्ही 'नको' एका दमात म्हणून मोकळं व्हावं, तर तीही सोय नव्हती. प्रत्येक 'नको'मागे पानात काहीतरी पडलंच पाहिजे. साखरपुड्यानंतर मी पहिल्यांदा घाटकोपरला, भटवाडीतल्या त्यांच्या खोलीवर जेवायला गेले, तेव्हा हा कायदा मला कुणी सांगितला नव्हता. मी ठाण्याची, चांगल्या वळणाची मुलगी. एकदाच हळू आवाजात "नको" म्हणाले आणि सात वडे नि दोन वाट्या कोंबडीची सागोती पोटात घेऊन परत गेले. रात्री आईला म्हटलं, नवरा बरा आहे, पण सासूच्या पळीची मला भीती वाटते.

लग्न झाल्यावर मी तिला "अहो आई" म्हणू लागले. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्या अहो खंयसून काढलंस? आये म्हण. मगे हाक कशी पोटातसून येता." तेव्हापासून आये आणि अरेतुरे. चाळीनं मात्र तिचं नाव घेगो काकी ठेवलं होतं, कारण पोस्टमन आला तरी तिच्या तोंडून पहिला शब्द 'घे' निघे, आणि बाई असली तर 'घे गो'. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. त्यांच्या वेळेला गावाहून आलेली पाच-सहा माणसं त्या एका खोलीत जेवायला असत. आयेचा हात त्या पाच-सहा माणसांच्या मापाला जो बसला होता, तो आम्ही तिघंच उरलो तरी आवरला नाही.

तिची दुसरी ख्याती मिठाची. आमटीला उकळी आली की नुसत्या वासावरून ती मीठ सांगे. बाहेर गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तिथूनच ओरडायची, "गो, मीठ कमी हा!" मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. वासाला मीठ कळतं, हे मला पटेना. एकदा मुद्दाम मीठ न घालता डाळ उकळत ठेवली आणि गप्प राहिले. बाहेरून आवाज आला, "टीचर, मीठ इसारलंस काय माझी परीक्षा घेतंस?" त्यानंतर मी परीक्षा घ्यायचं काम शाळेपुरतं ठेवलं.

आणि तिसरी सवय अशी, की तिला जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं झालं, भांडी विसळणीला गेली, की ती ओट्याखाली दाराकडे पाठ करून बसे आणि आपलं ताट आपणच उचलून मोरीत ठेवी. मी सुरुवातीला "एकत्र बसू या ना" म्हणून पाहिलं. "बायलांनी मागसून जेवचा असता," एवढंच उत्तर. वाढणाऱ्या बाईनं शेवटी जेवायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. माझी आई तेच करायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं शीत न् शीत मोजणाऱ्या त्या बाईच्या ताटात काय असतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. शाळेत कुणी पाहुणे यायचे होते ते आले नाहीत, म्हणून अकरालाच सुट्टी दिली. मी घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आये नेहमीसारखी पाठमोरी बसली होती. समोर ताट. ताटात भात आमटी काही नाही, स्वच्छ ताट. तिनं वाटीतल्या आमटीत बोट बुडवलं आणि ते ताटावर फिरवलं. मग पातेल्यातली चार शितं घेऊन कडेला चिकटवली. ते ताट जरा लांब धरून पाहिलं, आणि घासायला मोरीत नेऊन ठेवलं.

"आये, हे काय?"

ती दचकली. चोरी पकडल्यासारखी हसली. "भूक लागणा नाय गो. दोन घास खाल्लंय की पोट तट्ट भरता. तुमी घाबरतालात म्हणान सांगूक नाय."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

गणपतीपासून म्हणजे चार महिने. मी तिथंच खाली बसले. तिचा पदर जरा ढळला होता, आणि ब्लाउज पाठीमागं सेफ्टीपिनांनी आत घेतलेला दिसत होता. चार पिना होत्या. एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो, दिवसातून दोनदा तिच्या हातचं जेवत होतो, आणि तिच्या अंगावरचं मांस वितळून चाललेलं आम्हाला दिसलं नव्हतं. तिनं शेवटी जेवायचं आणि आम्ही पोटभर जेवून ढेकर द्यायचे, त्यात चार महिने निघून गेले होते. 

परळच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात नेलं. पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जठराचा आहे, फार पसरलाय, काढण्यासारखं काही राहिलेलं नाही. घरी न्या, सांभाळा. जिन्यावर उभं राहून आम्ही तिघांनी ठरवलं, म्हणजे हे, मुलुंडहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई आणि मी. आयेला सांगायचं नाही. अल्सर म्हणायचं. "तिला कळलं तर ती हाय खाईल," वन्सं म्हणाल्या. दुसरं काही खात नव्हती, निदान हाय तरी खाऊ नये, म्हणून आम्ही तोंडं शिवून घेतली.

मग भरवणं सुरू झालं. 'तिच्या पोटात अन्न गेलं तर ती उठेल' असं वन्संनी म्हटलं आणि आम्ही ते मंत्रासारखं धरलं. ह्यांच्या कंपनीतला एक दोस्त देवनारहून बकऱ्याचे पाय आणून देई. ते तासन्‌तास उकळून सूप करायचं. शाळेतल्या वर्सोव्याच्या कोळीणबाई पहाटेच्या बाजारातलं पापलेट फडक्यात गुंडाळून आणत. नाचणीची खीर, अंड्याचा बलक, मुगाचं कढण. वन्सं दर रविवारी चार पुडांचा डबा घेऊन येत आणि आल्या आल्या विचारत, "काय खाल्लं?" कशी आहे, हे नंतर. सूप उकळायला लागलं की आये तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळायची. त्या वासानंच तिला उमळून यायचं. मी दार उघडं टाकायची, खिडकी उघडायची, पंखा लावायची, पण सूप काही बंद करायची नाही.

एकदा तिनं डाळीचं पाणी चाखलं आणि म्हणाली, "मीठ नाय." मी चिमूटभर घातलं. "नाय लागणा." परत घातलं. चौथ्यांदा मी स्वतः चाखलं तर जीभ भाजावी इतकं खारट. तिच्याकडे बघितलं. ती वाटीत डोकावून बघत होती, जणू मीठ तिथं कुठं पडलेलं दिसेल. "सगळा खिळ्यासारखा लागता गो," ती म्हणाली. मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी डॉक्टरांचं बोलणं ऐकूनही वाटली नव्हती. वाटी घेऊन मी मोरीशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्या दिवसांत मला घड्याळाची भीती बसली होती. साडेबाराला शाळा सुटली की धास्तीनं पावलं जड व्हायची. घरी जायचं म्हणजे वाटी हातात घ्यायची. वाटी घेतली की तिचा चेहरा बदलायचा. मी येताना दिसले की पूर्वी खुलणारा तो चेहरा, आता माझ्या हाताकडे आधी बघायचा. ती मला भिऊ लागली होती. आणि मी तिला भीत होते, कारण माझ्या समोर ती बोटाबोटानं कमी होत चालली होती.

त्यातून नळावरचं बोलणं. सकाळी पाण्याला गेले होते. मी मागं आहे हे न बघता दोघीजणी बोलत होत्या. "सून शाळेत. म्हातारीला घालणार कोण? उपाशी मरतेय बघ." दुसरी म्हणाली, "अगं, घेगो काकी! जिनं आख्ख्या चाळीला जेवू घातलं!" हंडा न भरताच मी परत आले. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. कॅन्सरनं गेली तर ती देवाची मर्जी, आणि उपाशी गेली तर सुनेची करणी. ती मरणार हे मला कळत होतं. माझ्या हातून उपाशी मरू नये, एवढीच माझी धडपड होती, आणि ती आयेसाठी किती नि माझ्यासाठी किती, ते आज मला नीट सांगता येणार नाही.

म्हणून मी तिचाच कायदा तिला लावला. ती "नको" म्हणाली की मी हसून म्हणायची, "हे लाजेचं." दुसऱ्यांदा म्हणाली की, "हे रीतीचं." चमचा पुढेच. ती बिचारी हसायची आणि तोंड उघडायची. आपणच घालून दिलेली रीत, मोडणार कशी? तिसरं 'नको' म्हणेपर्यंत तीन चमचे पोटात गेलेले असायचे. मला वाटायचं, काय युक्ती सापडली! वन्संनाही मी ती शिकवली. अर्ध्या तासानं ते सगळं परत बाहेर यायचं, ते मी मोजत नव्हते.

मार्च संपत आला होता. एका दुपारी मऊ खिमट केलं होतं, वर तुपाचा थेंब. तिनं मान फिरवली. "नको." मी म्हटलं, "लाजेचं." तिनं ओठ घट्ट मिटले. मी डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं चमचा आत सारला. हो, सारला. लहान मुलांना औषध पाजतात तसा. घास भलतीकडे गेला. तिचे डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, हात हवेत काहीतरी पकडायला बघत होते. मी तिची पाठ थोपटत होते की तिला मारत होते, मलाच कळत नव्हतं. मी ओरडले असणार, कारण गॅलरीच्या टोकाच्या खोलीतल्या कांबळे सिस्टर अनवाणी धावत आल्या. त्या पालिकेच्याच हॉस्पिटलात नर्स होत्या आणि त्या दिवशी घरी होत्या हे आमचं नशीब. त्यांनी आयेला पुढं वाकवलं, पाठीत तळहातानं दोन थापा दिल्या, तोंडात बोट घालून घास काढला. आयेनं श्वास घेतला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सिस्टरांनी तिला उशीला टेकवून बसवलं. मग आयेनं माझा हात हातात घेतला. तो खिमटानं बरबटलेला होता. "चेडवा," ती म्हणाली, थांबत थांबत, "माज्यात तीनदा बोलूची ताकद नाय रवली. आता एकदाच बोलतलंय. ताच तिसरा समज."

कांबळे सिस्टरांनी मला गॅलरीत नेलं. वाशिमकडच्या त्या बाई, बोलणं सरळ. "ए टीचर, इकडं बघ. तू तिला मारशील अशानं."

"पण सिस्टर, ती उपाशी आहे हो."

"उपाशी कोण असतं? ज्याला भूक लागते आणि मिळत नाही ते. मी लहानपणी होते उपाशी, मला माहीत आहे. तिला भूकच लागत नाही. न खाल्ल्यानं तिचा आजार वाढत नाही, आजार वाढला म्हणून ती खात नाही. तू उलटं धरून बसलीस."

"मग मी काय करू? नुसती बघत बसू?"

"मागेल ते दे. मागेल तेव्हा दे. चमच्यानं दे, मोठी वाटी समोर आणू नकोस, बघूनच पोट भरतं त्यांचं. नको म्हणाली की उचल, तोंड पाडू नकोस. आणि तोंड ओलं ठेव तिचं. त्याला फार किंमत असते."

सिस्टर इतकं स्वच्छ बोलल्या तरी माझी भीती गेली नाही, हे मला खरं सांगायला हवं. आधी चमचा घालताना भीती वाटायची, आता न घालताना वाटू लागली. भांडं रिकामं ठेवायला भरलेल्या भांड्यापेक्षा जास्त हिंमत लागते. पण दुपारचा तो निळा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, म्हणून मी ऐकलं. पायाचं सूप बंद झालं. मोठ्या वाट्या मी वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

दोन दिवस तिनं काही मागितलं नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कोकमाचा पाणी दी गो. थंड." शेजारच्यांकडे फ्रीज होता. तिथून बर्फ आणला, फडक्यात घालून वरवंट्यानं ठेचला आणि कोकमाच्या पाण्यात घालून तिला चमचाभर दिला. तिनं तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी श्वास रोखून बघत होते. बाहेर आलं नाही. "आणखी?" मी विचारलं, आणि जीभ चावली. ती म्हणाली, "एक." एक दिला. मग "पुरे." मी पेला उचलला. परत विचारलं नाही.

त्या आठवड्यात तिनं आम्हाला आणखी एका बाबतीत पकडलं. तिला वास सोसत नाही, आणि तिच्या देखत जेवायला आम्हाला लाजही वाटे, म्हणून हे नि मी गॅलरीत कठड्याकडे तोंड करून उभ्या उभ्या जेवून घ्यायचो. एकदा तिनं हाक मारली. "तुमी चोरून कित्याक जेवतास? माज्यासमोर बसा." आम्ही वरणभात घेऊन तिच्या खाटेशी बसलो. ती कुशीवर वळून बघत राहिली. ह्यांचा भात संपत आला की तिकडून बारीक आवाजात, "घे रे." माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, तरी मी उतरवत होते, कारण ती मोजत होती. त्या दिवसानंतर रोज तसंच. तिला बरं वाटायचं हे दिसत होतं, आणि मला जेवण म्हणजे शिक्षा झाली होती.

वन्संना मी हे काही कळवलं नव्हतं. धाडस झालं नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी त्या डबा घेऊन आल्या आणि खाटेशेजारी फक्त पेला आणि चमचा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"सकाळपासून काय खाल्लं?"

"दोन चमचे कोकमाचं पाणी."

"आणि?"

"आणि काही नाही. तिला नको होतं."

"नको होतं!" वन्संचा आवाज चढला. "तू ना, हात टेकलेस. दोन चमच्यांवर माणूस जगतं का गं? मी तिथं मुलुंडला तडफडतेय, आणि तू इथं तिला पाण्यावर ठेवतेस?" मग ह्यांच्याकडे वळून, "नळीनं घालतात ना अन्न नाकातून? उद्याच्या उद्या परळला घेऊन चल."

 मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारलंय आम्ही. ते म्हणाले, नळी घालता येईल, पण तिला त्याचा त्रासच जास्त. तिला विचारून ठरवा म्हणाले."

"तिला कसं विचारणार? विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागेल."

तेव्हा खाटेवरून आवाज आला. ती जागी आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. "अल्सराक परळाक कोण नेता गो? माका पयल्या दिसापासून ठावक आसा." वन्सं खाटेकडे वळल्या. "तुमी घाबरतालात म्हणान मी गप रवलंय. भांडू नकात. नळी नको." आणि जरा थांबून, "ताई, डबो उघड. तुज्या भावाक वाढ."

वन्संनी डबा उघडला. कोंबडीचं तिखट होतं, वासानं आयेनं पदर तोंडावर घेतला, तरी हातानं खुणावत राहिली की वाढ. वन्सं रडत रडत वाढत होत्या. निघताना गॅलरीत माझ्यापाशी थांबल्या. रडून डोळे लाल झाले होते, पण शब्द कोरडे होते. "उद्या काही झालं, तर ते तुझ्यावर. लक्षात ठेव."

लक्षात ठेवायला सांगायची गरज नव्हती. मी दुसरं काहीच लक्षात ठेवत नव्हते. शाळेत वर्गात उभी असले तरी मनात हिशेब एकच: काल तीन चमचे, आज दोन. हे मात्र एक गोष्ट करू लागले. पूर्वी कामावरून आले की तेही दारातूनच "काय खाल्लं?" विचारायचे. आता चपला काढून तिच्या पायाशी बसायचे आणि पाय चेपायचे. एवढ्या मोठ्या पुरुषाला आईजवळ करण्यासारखं दुसरं काही असतं, हे त्या दोन महिन्यांत प्रथमच कळलं असावं.

मे महिन्याची सुट्टी लागली, म्हणून मी दिवसभर घरी होते. शेवटचे अकरा दिवस कोकमही नको झालं. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून मी तिच्या ओठांवरून फिरवायची आणि ती ओठ हलवायची, चोखल्यासारखे. सिस्टर कामाला जाताना नि येताना डोकावत. "बरोबर करतेयस," म्हणत. मी त्यांचं तोंड बघायची, ह्या खोटं तर बोलत नाहीत ना म्हणून. एका दुपारी चारच्या सुमाराला मी बोळा फिरवला आणि ओठ हलले नाहीत. परत फिरवला. मग तो बोळा मुठीत धरून बसून राहिले. पाणी मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो आयेचा नव्हता. आता वन्संना काय सांगू, हा होता.

मी रडले नाही. चाळीतल्या बायका मिठ्या मारून रडल्या, वन्सं आल्या आणि जमिनीवर डोकं आपटून रडल्या, मी चहाचं आधण ठेवत राहिले. कुणी म्हणालं, "टीचर घट्ट आहे हां." कुणी काहीच म्हणालं नाही, त्याची मला जास्त धास्ती वाटली.

बाराव्या दिवशी चाळीमागच्या टेकडीवर, सपाट खडकावर पान ठेवलं. केळीच्या पानावर भात, वरण, वडे, सागोती, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. तिला आवडायचं ते सगळं, वन्संनी आणि मी मिळून रांधलेलं. दोघी एका ओट्याशी उभ्या होतो आणि सबंध सकाळ एकमेकींशी दहा शब्द बोललो नसू. पान ठेवून सगळे मागं सरकून उभे राहिलो. मे महिन्याचं ऊन. कावळे होते, नव्हते असं नाही. विजेच्या तारेवर चार बसले होते. एक खाली उतरला, पानाभोवती दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून बघितलं आणि उडून गेला.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. गावाहून आलेले आयेचे दीर पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "वयनी, ये गो. तुजा काय रवला? पोरांका आमी बघतलंव. खा गो." कुणी म्हणालं, मुलगा वर्षश्राद्ध नीट करील, खा. कुणी म्हणालं, नातवंडं बघायची राहिली असतील. मग मागून एका बाईचा आवाज, दबका, पण मला ऐकू जाईल इतका: "भुकेली गेली ना. भुकेल्याचा जीव असा अडकतो." हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि पळायला जागा नव्हती. ह्यांनी माझा दंड धरला. दीर पुन्हा हात जोडून म्हणत होते, "एक घास तरी घे गो वयनी, एक तरी."

"काका, पुरे."

वन्सं होत्या. उन्हात चेहरा तांबडालाल झालेला. त्या खडकापर्यंत गेल्या आणि पानाच्या नि सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "तिका नको आसात. कित्याक बळेबळे घालतास? जित्या जिवाक घातलंय ता काय थोडा झाला?" त्यांचा आवाज फुटला. मग त्यांनी मघाच्या त्या बाईकडे बघितलं आणि चाळीतल्या सगळ्यांना समजेल अशा भाषेत म्हणाल्या, "आई भुकेली नाही गेली. तिला नको होतं. हिनं तिचं ऐकलं. मी नाही ऐकलं."

त्यांनी येऊन माझा हात धरला.  माणसं एकेक करून टेकडी उतरायला लागली. आये गेल्याला बारा दिवस झाले होते आणि त्या बारा दिवसांत मी नुसती भीत होते. तिथं वन्संचा हात धरून मी पहिल्यांदा रडले, आयेसाठी.